गेर्न

हूझुमच्या बंदरात ओहोटी लागली की बोटी
चिखलात गुडघे टेकून बसतात.
तिथल्या मासळी-पावाच्या टपरीवर
मी आभार मानले, आणि वीब्के पेटर्सन
हातातला चिमटा न थांबवता म्हणाली : गेर्न.
मधला र गिळून टाकलेला.

शब्दकोशात पाहिलं : आनंदानं, आवडीनं, खुशीनं.
क्रियाविशेषण.
ना लिंग, ना वचन, ना विभक्ती.
एकटं कुठं जात नाही,
क्रियापदाचं बोट धरून निघतं.

आपल्यात मला चहा आवडतो,
म्हणजे जे काय करायचं ते चहा करतो.
मी आपली 'ला' लावून चतुर्थीत बसलेली,
आवडून घेत.
इथं तशी सोय नाही.
इथं चहा मलाच प्यावा लागतो, आणि गेर्न प्यावा लागतो.
कुणी गेर्न पोहतं, कुणी गेर्न गप्प बसतं,
शेजारचा डेटलेफ गेर्न उशिरा येतो, असं त्याची बायको सांगते
तेव्हा शब्दाला दात फुटलेले असतात.
समुद्राकडच्या बिजागऱ्या गेर्न गंजतात.
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
नाही, म्हणाली वीब्के, असंच म्हणतात,
लोखंडाचा स्वभाव आहे तो.

तिच्या घराचा माळा मी भाड्यानं घेतला
तेव्हा खाली हिनर्क होता,
बांधावर एकोणतीस वर्षं दगड रचलेला.
प्रेम करतो असं तो कधी म्हणाला का,
या माझ्या प्रश्नावर ती इतकी हसली
की हेरिंगचा काटा घशात जायचा राहिला.
इथं कोण म्हणतं तसं!
एकदा मात्र, पुराच्या रात्री,
दोघांच्या मध्ये वाळूची ओली गोणी, आणि तो म्हणाला :
मी तुला गेर्न बाळगतो.
मग म्हणाला, नीट धर, तुझी बाजू खाली जातेय.

हेच शब्द त्यानं पुढं नगरपालिकेच्या तपासनिसालाही ऐकवले,
फक्त कर्ता-कर्म उलटे करून :
तू मला गेर्न बाळग!
म्हणजे, जा चुलीत.
टपरीचा परवाना त्यापायी दोन महिने अडकला.

ऑक्टोबरात त्याला झटका आला.
आधी नामं गेली. बंदर, चमचा, वीब्के.
मग क्रियापदं.
डॉक्टरांनी चित्रांचे पत्ते दाखवले.
छत्री? गेर्न.
घोडा? गेर्न.
खिडकीतून पडणारा माणूस? गेर्न.
'सवयीचं बोलणं, अर्थ नाही' असं कागदावर आलं.
वीब्केनं तो कागद वाचला,
चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

मला वेगळीच काळजी.
त्यांच्या व्याकरणात 'त्याहून अधिक गेर्न' असा शब्दच नाही,
अधिक म्हणायचं तर गेर्न नाहीसा होतो
आणि त्याच्या जागी लीबर येतो,
ज्याच्या पोटात प्रेम उघड दिसतं.
तो हिनर्ककडं उरलेला नाही.
चहा की कॉफी? गेर्न.
थोरली लेक अंके येऊ दे की धाकटी? गेर्न.
निवडता येत नाही त्याला,
सगळ्याला सारखंच हो.
हे वीब्केला बोलले तर ती बशी पुसत राहिली,
म्हणाली, आधी तरी कुठं निवडायचा,
बूटसुद्धा मीच आणायची.

रात्री जिन्यातून ऐकू येतं.
तो म्हणतो, गेर्न.
ती म्हणते, काय गेर्न? उशी उंच करू?
गेर्न.
खिडकी लावू? की उघडी ठेवू?
गेर्न.
पाय चोळू? बसू थोडी?
क्रियापदं एकेक काढून ती त्याच्यापुढं धरते,
टपरीवर सुट्टे पैसे मोजावे तशी, घाई न करता,
आणि तो प्रत्येकाला ते एकच लावतो.
मग बराच वेळ काही नाही.
मग ती काहीतरी इतकं हळू विचारते
की क्रियापद मला ऐकू येत नाही,
उत्तर येतं.